पाठीवरची घोरपड

बसस्टॉपवर पुढे उभ्या असलेल्या मुलीच्या जर्सीवर घोरपडीचं चित्र दिसलं आणि माझ्या पोटात दुखलं. आमच्या कॉलेजचा कबड्डी संघ अजून ‘घोरपडी’च आहे तर!

एका सामन्यात आमच्या सुनंदाने समोरच्या मुलीचा घोटा धरला, तो सोडलाच नाही. प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडलं, “घोरपड आहे गं ही!” तेच संघाचं नाव झालं. बहुतेक गुण मात्र मी चढाया करून आणले होते. हरणासारखी पळणारी मी कुणाला दिसलेच नाही. लोकांच्या लक्षात धरून ठेवणारीच राहते.

“छान आहे चित्र,” मी म्हणाले.

मुलगी खुलली. “आमच्या कॉलेजात कुणी सुनंदाताई होत्या म्हणे, काकू. तुम्ही ओळखता?”

“नाही बाई,” मी म्हणाले.