बॉबलिंगेनमधला वन्स मोअर

आमच्या इमारतीत जिना झाडायची पाळी ज्या घराची असेल, त्या घराच्या दाराला एक लाकडी पाटी लटकायची. या पाळीला तिकडे, जर्मनीत, ‘केरवोखं’ म्हणतात. वोखं म्हणजे आठवडा, आणि केर तर शब्दात आधीच हजर. नवरा म्हणाला, योगायोग आहे. मी म्हटलं, असू दे, पण बॉबलिंगेनमध्ये न सांगता समजलेला माझा पहिला जर्मन शब्द केराचाच निघावा, याला नशीब म्हणतात.

आमचा आठवडा संपला की पाटी वरच्या मजल्यावर जायची. वर एक बाई राहायची. पंचेचाळिशीची, उंच, केस अर्धे काळे, अर्धे जांभळे. मी पहिल्यांदा पाटी द्यायला गेले तेव्हा तिने दार उघडलं तेच गळ्यात गिटार अडकवून. तिचं नाव सांगत नाही. तसंही ते तिच्या गावात फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. ती रॉक गायची, गाणी स्वतःच लिहायची. पण टीव्हीवर दिसतं तसलं रॉक नव्हे. तळघरांत, बंद पडलेल्या कारखान्यांत, पन्नास-साठ माणसांपुढे चालतं, ते. त्याला अंडरग्राउंड म्हणतात असं नवऱ्याने सांगितलं, तेव्हा मला आधी वाटलं हिच्या मागे पोलीस असणार.

वीस वर्षं ती हेच करत होती. जुन्या व्हॅनमध्ये ड्रम कोंबून पार पोलंडपर्यंत जाऊन आली होती. एकदा हॅम्बुर्गची एक मोठी रेकॉर्ड कंपनी दाराशी आली, पण त्यांना गाणी निम्मी करून हवी होती आणि ड्रमर बदलून हवा होता. हिने त्यांना कॉफी पाजली आणि वाटेला लावलं. दिवसा अर्धा वेळ ती कानाची यंत्रं विकणाऱ्या दुकानात काम करायची. हे माझ्या सासऱ्यांना कळलं तेव्हा ते म्हणाले, “हुशार आहे. गिऱ्हाईक घरचं घरीच तयार करते.”

सासरे त्या उन्हाळ्यात तीन महिन्यांसाठी सांगलीहून आले होते. सगळा जन्म नाट्यसंगीतावर पोसलेला माणूस. रिटायर होईपर्यंत बँकेत होते, पण ते केवळ पोटासाठी. खरा मुक्काम नाट्यगृहाच्या तिसऱ्या रांगेत. सासूबाई गेल्यानंतर घरात एकटे बसून असायचे, म्हणून आम्ही आग्रहाने बोलावून घेतलं, आणि इथे आणून त्याहून शांत घरात बसवलं. “इथे माणसं राहतात की नुसत्या मोटारी?” ते रोज विचारायचे. मला फार वाईट वाटायचं, आणि वाईट वाटलं की मी चिडते, त्यामुळे मी त्यांनाच पेपर वाचा म्हणून सुनवायचे.

मग एका संध्याकाळी वर गिटार सुरू झाली. बाबा, म्हणजे सासरे, चहाचा कप घेऊन बरोबर त्या आवाजाखाली खुर्ची ओढून बसले. गाणं संपल्यावर म्हणाले, “आवाज कमावलेला आहे. शब्द कळत नाहीत, पण ते आमच्या बुवांचे तरी कुठे कळायचे?” त्या दिवसापासून वरची बाई आमच्या घरात ‘बाई’ झाली, म्हणजे मोठ्या गायिकेला म्हणतात त्या अर्थाने. जिन्यात दिसली की बाबा हात जोडायचे, आणि तीही जांभळं डोकं लववून हात जोडायची.

एका शनिवारी आम्ही दोघी पाटीची देवाणघेवाण करत जिन्यात उभ्या होतो. ती मोडक्या इंग्रजीत आणि मी मोडक्या जर्मनमध्ये, असं आमचं छान चालायचं. ती म्हणाली, “तुमच्या घरात आधी माझी आई राहायची. तू यायच्या आदल्या वर्षी गेली.” मला हे माहीतच नव्हतं. मी सॉरी म्हटलं. “आईला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं,” ती म्हणाली, “आणि माझी सगळी गाणी इंग्रजीत. वीस वर्षं विचारायची, एवढं ओरडतेस ते कशाबद्दल गं? मी कधी सांगितलंच नाही. आता पहिल्यांदा तिच्या भाषेत लिहिलंय. श्वेबिशमध्ये.”

श्वेबिश म्हणजे तिथली घरची, गावाकडची जर्मन. आपल्याकडे मालवणी ऐकली की लोक आधीच हसायच्या तयारीत बसतात, तसं जर्मनीत श्वेबिशचं आहे. ती भाषा विनोदी नाटकात चालते, रॉकमध्ये नाही.

“रविवारी म्हणणार आहे,” ती म्हणाली. “लोक हसले तर संपलं. दुकानाचा मालक म्हणतोय, पूर्ण वेळ ये. सोमवारी उत्तर द्यायचंय. पूर्ण वेळ म्हणजे दौरे बंद, बँड बंद. तर मग, बघू या.” आणि ती झाडू घेऊन वर गेली.

मी घरात येऊन हे सांगितलं तर बाबा ताडकन उठले. “मग जायलाच हवं,” म्हणाले. “बाईंचा निकाल लागणार आणि आपण घरी पोहे खात बसायचं?”

रविवारी संध्याकाळी, बाहेर लख्ख ऊन असताना, आम्ही एका युवककेंद्राच्या तळघरात उतरलो. मी, नवरा आणि इस्त्रीचा पांढरा सदरा घातलेले बाबा. बाकी सगळे काळ्या कपड्यांत. दारातल्या मुलीने प्रत्येकाच्या हातावर पिवळ्या स्पंजच्या दोन गुंड्या ठेवल्या. बाईंच्या दुकानातूनच आल्या असणार, कानात घालायला. बाबांनी एक गुंडी नाकाशी नेली, हुंगली, पुन्हा हुंगली, आणि मैफलीत अत्तराचा फाया खोचतात तशी कानाच्या पाळीमागे खोचली. “वास उडालाय,” एवढंच म्हणाले. मी सांगणार होते, पण त्यांचा चेहरा इतका खूश होता की गप्प बसले.

पहिली गाणी इंग्रजीत झाली. माझ्या बरगड्या हलल्या. बाबा मात्र मांडीवर ठेका धरून, मधूनच समेवर मान टाकत होते. ड्रमरची सम त्यांना कुठून सापडली, देव जाणे.

मग बाईंनी मोठी गिटार खाली ठेवली, छोटी घेतली आणि ते गाणं सुरू केलं. शनिवार सकाळ, आई फुटपाथ झाडतेय, खिडकीतून मुलगी बघतेय, एवढंच त्यात होतं. मला अर्धंच कळलं. बाबांना शब्दही कळत नव्हता, पण त्यांचा मांडीवरचा हात थांबला होता.

गाणं संपलं आणि कुणी टाळीच वाजवली नाही. हसायचं की रडायचं ते लोकांना ठरवता येत नव्हतं. मागे कुणीतरी खोकलं. बाईंचा चेहरा उतरत चालला होता, तिने गिटारचा पट्टा खांद्यावरून काढायला घेतला. तेवढ्यात माझ्या शेजारचा पांढरा सदरा उभा राहिला आणि सांगलीच्या तिसऱ्या रांगेतून यावा तसा खणखणीत आवाज आला, “वा बाई, वा! वन्स मोअर!”

सगळे वळून बघू लागले. बाई पांढरीफटक पडली. माइकमध्ये हळूच म्हणाली, “काय चुकलं?”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या लोकांत ‘पुन्हा एकदा’ असं मास्तर म्हणतात, धडा चुकल्यावर. गाणं आवडलं तर कार्यक्रम संपल्यावर आणखी एक मागतात, आणि तेही वेगळं. तेच गाणं, तिथल्या तिथे परत, ही आपली खोड. नवरा बुटांकडे बघत बसला होता, त्यामुळे उभं राहावं लागलं मलाच.

“काही चुकलं नाही,” मी माझ्या कोर्समधल्या जर्मनमध्ये ओरडून सांगितलं. “आमच्याकडे गाणं फार आवडलं की लोक नाटक पुढे जाऊ देत नाहीत. गाणारा नाटकात मेलेला असला तरी त्याला उठून तेच परत म्हणावं लागतं. मग तो पुन्हा मरतो.”

अख्खं तळघर हसलं. मी दचकून बाईंकडे पाहिलं, तर तीच सगळ्यांत मोठ्याने हसत होती. “गेनाऊ,” म्हणजे अगदी बरोबर, असं म्हणाली, आणि पट्टा पुन्हा खांद्यावर चढवला. दुसऱ्या वेळी ती घाबरून गायली नाही. शब्द सोडवून, रमत गायली, आईच्या ओळीवर थांबली, ती ओळ परत घेतली. या वेळी टाळ्या पडल्या, आणि मागून कुणीतरी अस्सल श्वेबिश हेल काढून ओरडलं, “वन्स मोअर!” बाबांनी मागे वळून त्याला नमस्कार केला.

सोमवारी दुपारी ती खाली आमच्याकडे आली. दुकानात ‘नाही’ असं सांगून आली होती. अर्धा वेळच करणार होती. मी चहा ठेवला. ती आमच्या, म्हणजे तिच्या आईच्या, स्वयंपाकघरात छताकडे बघत बसली होती.

“मी वर गायचे तेव्हा आई झाडूच्या दांड्याने छत ठोकायची,” ती म्हणाली. “बंद कर म्हणून. मला राग यायचा. पण काल रात्रभर आठवत होते. गाणं चालू असताना तिने कधीच ठोकलं नाही. संपल्यावरच ठोकायची.”

मी बाबांना मराठीत सांगितलं. त्यांनी बशी खाली ठेवली. “मधे कधीच नाही?”

“नाही म्हणते.”

“मग तो वन्स मोअरच,” बाबा म्हणाले. “दुसरं काय असणार?”

हे मी तिला जर्मनमध्ये सांगितलं. ती उठली. चहा तसाच ठेवून वर निघून गेली. मला वाटलं, उगीच सांगितलं.

थोड्या वेळाने वर गिटार वाजली. तेच श्वेबिश गाणं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. संपलं आणि वर सगळं शांत झालं. बाबा माझ्याकडे बघत होते, मी त्यांच्याकडे.

“अगं, झाडू कुठंय?” ते म्हणाले.