केळ्याची फणी आणि प्रेमराज सर

पारोळ्यात दहावीच्या विज्ञानासाठी पोरं दिपमाला मॅडमच्या क्लासला जातात. मॅडम मूळच्या नशिराबादच्या, केळीवाल्याच्या घरातल्या. रागीट म्हणून त्यांचं नाव आहे, पण खरा राग त्यांनी एकाच माणसासाठी राखून ठेवला होता, प्रेमराज सरांसाठी.

दिपमाला स्वतः नशिराबादच्या शाळेत दहावीत असताना सरांनी तिला फळ्यावर बोलावलं होतं. हायड्रोजन आणि ऑक्सिजन मिळून पाणी होतं, ते समीकरण संतुलित करायचं. डावीकडे ऑक्सिजनचे अणू दोन, उजवीकडे एकच. दिपमालानं सरळ पाण्याच्या O खाली दोन लिहून टाकलं.

"हे पाणी पिऊन दाखव बरं," सर म्हणाले. "आतडी जळतील तुझी."

वर्ग फिदीफिदी हसला. तेवढ्यावर भागलं असतं तर ती विसरलीही असती. पण संध्याकाळी सर तिच्या दारात आले आणि ओट्यावर बसलेल्या वडिलांना सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "रुपचंदभाऊ, पोरीच्या डोक्यात माती आहे. उजवून टाका."

आबांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, मास्तरांचा शब्द मानला. दहावीची परीक्षा राहिली, उन्हाळ्यात लग्न लागलं आणि ती पारोळ्याला आली. सासरचं सगळं करून ती बाहेरून दहावी झाली, मग बारावी, मग बी.एस्सी. प्रत्येक निकाल हातात आला की ती आनंद करायची नाही, सरांचं तोंड आठवायची.

यंदा ते तोंड आपणहून क्लासच्या दारात आलं. सर निवृत्तीनंतर मुलाकडे पारोळ्यात राहत होते. सोबत नात होती, पुनम. सरांनी दिपमालाला ओळखलंच नाही. तेच तिला जास्त झोंबलं.

"मॅडम, पोरगी चाचणीत नापास झाली. मी शिकवून थकलो."

दिपमालानं पेपर पाहिला. पुनमनंही पाण्याच्या O खाली दोन लिहिलं होतं.

"सर, तुम्हीच या फळ्यावर. हे सोडवा."

सरांनी झटक्यात बरोबर सोडवलं.

"आता O खाली दोन का चालत नाही, ते नातीला सांगा."

"तसा नियमच आहे."

"का आहे?"

सर हातातल्या खडूकडे बघत राहिले. दिपमालानं घाई केली नाही. कपाळावर घाम येईपर्यंत त्यांना तसंच उभं राहू दिलं. मग माहेरून आलेली केळ्याची फणी टेबलावर ठेवली.

"पुनम, या फणीला आणखी एक केळं चिकटवता येईल?"

"नाही मॅडम."

"मग केळी कमी पडली तर?"

"दुसरी फणी आणायची."

"पाण्याचंही तसंच. O खाली दोन केलं की ते पाणीच राहत नाही, दुसराच पदार्थ होतो. म्हणून अख्खं पाणी दोनदा घे, पाण्याच्या पुढे दोन लिही. आता मोज."

"ऑक्सिजन दोन्हीकडे दोन. हायड्रोजन उजवीकडे चार, डावीकडे दोनच... मग डावीकडे हायड्रोजनच्याही पुढे दोन!"

"छान," सर घाम पुसत म्हणाले. "उद्यापासून पाठवू का हिला?"

"पाठवा. पण त्याआधी नशिराबादला जा. रुपचंदआबांच्या ओट्यापुढे उभं राहून सांगा की त्यांच्या पोरीच्या डोक्यात माती नव्हती."

सरांनी तिला आता नीट न्याहाळलं. "तू... दिपमाला?"

"हो सर. तीच, मातीवाली."

रविवारी सर ओट्यापुढे उभे राहिले. समोरच्या घरातल्या बाया गहू निवडत बसल्या होत्या. सर खाली मान घालून पुटपुटले, "रुपचंदभाऊ, मी तेव्हा चुकीचं बोललो."

"मोठ्यानं बोला सर," मागून दिपमाला म्हणाली. "आबांना कमी ऐकू येतं."

आबांचे कान चांगले ठणठणीत होते. त्यांनी लेकीकडे पाहिलं. तिनं नजर हटवली नाही. मग त्यांनी सावकाश हात कानामागे धरला.

"काय म्हनले मास्तर? काहीच ऐकू नाही आलं."

सरांनी आवाज चढवला. बायांचे हात सुपातच थांबले.

"आणखी मोठ्यानं," आबा म्हणाले.