घासलेली बाटली

खाम नदीचा पूल मी आयुष्यभर नाक दाबून ओलांडला. कॉलेजच्या प्रयोगशाळेतून रिटायर झाले आणि डोक्यात किडा वळवळला: ही बया जन्मताना तरी स्वच्छ असते का? गेले की मग जटवाड्याच्या पुढं, डोंगरात.

तिथं नदी उगम पावते त्या झऱ्याला लागूनच एका मेंढपाळाचं घर. घरात म्हातारी आणि दिवस भरत आलेली सून. सून पिण्याचं पाणी डोंगराखालच्या विहिरीवरून आणायची. "झरा दारात असून?" मी विचारलं.

"कुणी म्हणतं चांगलंय, कुणी म्हणतं नाय," म्हातारी बोलली. "तू सांग बाई. चांगलं निघालं तर पोरीची पायपीट वाचंल."

मला तेवढंच पाहिजे होतं. पण मेंढरं नुकतीच पिऊन गेलेली, पाणी गढूळ. म्हणून जंतू तपासायची बाटली देऊन आले, तळाला औषध असलेली. सकाळी भरा, झाकण लावा, दोन दिवसांत काळी पडली तर पाणी वाईट.

चार दिवसांनी जाऊन पाहते तर बाटलीतलं पाणी निवळशंख! "आजी, बिनधास्त प्या!" सून पाय पसरून निवांत बसली.

"चांगलं निघणारच," म्हातारी म्हणाली. "घाण तुझ्या बाटलीतच लई हुती, बुडाला चिकटलेली. राखेनं घासली, मंग भरली. मळक्या भांड्यात पाणी भरावं व्हय?"

अगं आई गं! औषधच धुऊन टाकलं होतं. डोकं भडकलं, पण भडकू कुणावर? घासू नका, हे मीच सांगितलं नव्हतं. "थांब गं, इतक्यात पिऊ नको," मी सुनेला म्हटलं. तिनं पाय जवळ घेतले. मला लई वाईट वाटलं.

दुसरी बाटली मी स्वतः भरून घरी नेली. दुसऱ्याच दिवशी काळीकुट्ट. वर ना कारखाना, ना गटार, मग हे आलं कुठनं? लेंड्या? का माणसांचं परसाकडं? बाटली घेऊन पुन्हा वर गेले आणि हेच सगळं उत्साहानं सांगत बसले. सून उठली, तिनं घागर घेतली.

"उकळून प्या ना," मी म्हणाले.

"आन सरपण कोण आणतंय? हीच की." म्हातारीनं तिच्या हातातली घागर काढून घेतली. "बस तू खाली."

मग मी दुसरी घागर उचलली. विहिरीकडे उतरताना माझी बडबड चालू होती. चढताना पहिल्या वळणावरच मान आखडली, तोंड बंद झालं. घरी पोचेस्तोवर अर्धी सांडली होती.

सुनेनं घागरीत डोकावून पाहिलं आणि सासूला म्हणाली, "आत्या, आधी मावशींना पाणी द्या."