काकूंची पट्टी

“वहिनींचा आवाज आता वर चढत नाही गा. दुसरी कोणी पाहा लागते.”

माईक चालू आहे हे ते विसरले होते. मी शेजारच्या खोलीत लॅपटॉपसमोर बसले होते आणि क्लॅरिनेटवाल्या काकांचं बोलणं हेडफोनमधून थेट माझ्या कानात येत होतं. ज्यांच्याविषयी ते बोलत होते, त्या काकू पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेल्या होत्या.

“अन् तुझी फुंक चढते काय बे?” ढोलकवाले काका म्हणाले. बाबा हसले नाहीत.

बाबांची ऑर्केस्ट्रा पार्टी माझ्याहून बरीच जुनी. गणपतीत, लग्नांत तिनं सिनेमाची गाणी वाजवली. या उन्हाळ्यात मात्र सगळ्यांनी ठरवलं की नागपूरच्या गल्ल्यांमधली गाणी, पोरींच्या भुलाबाईची, पोळ्यानंतरच्या मारबत मिरवणुकीची, भजनी मंडळांची, आपल्या वाद्यांवर बसवून रेकॉर्ड करायची. काकू पार्टीच्या पहिल्यापासूनच्या गायिका. आजचं भुलाबाईचं गाणं तर त्यांनीच आणलेलं. लहानपणी नागपूरच्या महाल भागातल्या अंगणात पोरींबरोबर म्हटलेलं. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, गाण्यातले अर्धे शब्द मला काकूंनीच समजावले. पण मला ऐकता चांगलं येतं. कमी बोलणाऱ्याला ते येतंच.

काकू परतल्या. कुलर पुन्हा बंद झाला, आवाज घुमू नये म्हणून भिंतीवर टांगलेल्या गोधड्या सारख्या केल्या, गाणं सुरू झालं. वरच्या ओळीला आवाज चिरकला. पुन्हा घेतलं, पुन्हा तिथंच. बाबांनी अकॉर्डियनचा भाता मिटला.

“पट्टी उतरवायची काय?” ढोलकवाल्या काकांनी विचारलं.

“आपल्या पार्टीची पट्टी उतरत नसते,” बाबा म्हणाले.

हे वाक्य मी जन्मापासून ऐकते आहे. मैदानात, भोंग्यांवरून, फटाक्यांच्या आवाजातही मागच्या रांगेपर्यंत पोचावं म्हणून त्यांनी प्रत्येक गाणं चढ्या पट्टीत बसवलेलं. इथं मागची रांगच नव्हती. माईक काकूंपासून वीतभर अंतरावर होता.

तेवढ्यात काकू खुर्चीत बसून ढोलकवाल्या काकांना गाण्यात पोरींची टाळी कुठं पडते ते दाखवू लागल्या. “इथं नाही जी, शब्द संपल्यावर. पोरींले श्वास नको काय घ्यायले?” आणि दाखवता दाखवता त्या खालच्या सुरात गायल्या. जाडसर, किंचित खरखरीत आवाज, पण शब्द न् शब्द कळणारा. मी हेडफोन कानावर घट्ट दाबून धरले. दुपारभर ऐकलेल्या गाण्यात हे गाणं कुठंच नव्हतं.

बाबांचं लक्ष नसावं. ते जरा वेळानं म्हणाले, “वहिनी, एवढं एक गाणं आपण दुसरीकडून गाऊन घेऊ. उद्या बोलावतो कोणाले तरी.”

“बोलवा ना भाऊजी,” काकू लगेच म्हणाल्या. “गाणं राहिलं म्हणजे झालं. फक्त जेवणारी पोरगी आणजा, उपाशीपोटी नाही निघत हे.”

सगळे हसले. मग काकूंच्या चष्म्याचं घर बंद झाल्याचा आवाज हेडफोनमध्ये मोठा आला, आणि पिशवीची चेन.

मी हेडफोन काढले आणि दार उघडलं. पार्टीच्या लोकांसमोर मी आजवर ‘चहा ठेवू का’ यापलीकडे काही बोलले नव्हते. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, काकूंनीही.

“बाबा, पट्टी उतरवा,” मी म्हणाले. “काकू आत्ता टाळी दाखवताना ज्या सुरात गात होत्या, त्याच सुरात घ्या. मी रेकॉर्डिंग सुरू करते.”