कोंबडीच्या खाद्यात चमचाभर पावडर

कोंबड्यांची डॉक्टर झाले की किस्से गोळा करावे लागत नाहीत. पिंजऱ्याखाली विष्ठा साचावी तसे ते आपोआप साचतात. आणि वासही तसाच! गेल्या वर्षी वसईतल्या पोल्ट्रीवाल्यांना मी एन्झाइमची पावडर सुचवली, तेव्हापासून तर विचारूच नका.

पापडी गावच्या फिलोमिना मावशींपासून सुरुवात झाली. त्यांच्या अंड्यांची कवचं इतकी पातळ, की ट्रेमध्ये ठेवता ठेवता तडकायची. दुकानदार माल परत पाठवू लागले. मावशी कोंबड्याच विकायला निघाल्या. मी म्हटलं, "थांबा! दाण्यातलं फॉस्फरस कोंबडीला नीट पचत नाही. एन्झाइमने ते मोकळं होतं, कवच घट्ट होतं."

पंधरा दिवसांनी पाहते तर फरक शून्य. मावशी पावडर उकळत्या पाण्यात कालवत होत्या!

"अहो मावशी, उकळत्या पाण्यात ते मरतं!"

त्यांनी छातीवर क्रुसाची खूण केली. "म्हणजे जिवंत होतं? आणि मी उपासाच्या दिवसांत कोंबड्यांना मांस घातलं?"

मग उमेळ्याचे सुधाकरभाऊ. "एन्झाइम पपईतही असतं ना? मग विकत कशाला?" म्हणत त्यांनी वाडीतली सगळी पपई कोंबड्यांपुढे टाकली. कोंबड्यांनी खाद्याला चोचही लावली नाही. अंडी निम्म्यावर! मी संतापून विचारलं, तर भाऊ शांतपणे म्हणाले, "पण डॉक्टर, कोंबड्या खूश आहेत हो."

कंपनीचा सेल्समन त्याहून पुढचा. टाय लावून मावशींच्या शेडमध्ये उभा. "मॅडम, रिझल्ट गॅरंटीड! अंड्याची साइज डबल!"

माझं डोकंच फिरलं. असल्या थापांमुळेच खरं औषध बदनाम होतं! पण मी तोंड उघडायच्या आत मावशी म्हणाल्या, "आधी तसलं एक अंडं तू घालून दाखव!"

शेजारी नवी बिल्डिंग झालीय. तिथल्या सेक्रेटरींनी तक्रार केली, की मावशी कोंबड्यांना हार्मोन देतात. मी तावातावाने गेले. म्हटलं, "हे पचनाचं आहे. तुमच्या पावाच्या पिठातही एन्झाइम घालतात!"

ते ऐकेनात. "या अंड्यांमुळे आमच्या मुलाला दाढी आली!"

"मुलगा केवढा?"

"बावीस."

शेवटी मी हट्टालाच पेटले. लोकांना पुरावा दाखवायचा! मावशींच्या शेडमध्ये उजव्या रांगेला पावडर, डाव्या रांगेला बिलकुल नाही, असा महिनाभराचा प्रयोग ठरवला. रोजची अंडी, तडकलेली अंडी, सगळं वहीत. महिना संपला. दोन्ही रांगांची कवचं सारखीच सुधारलेली! सेल्समनसारखी मीही खोटी ठरणार होते.

रविवारी न कळवताच गेले. मावशी नुकत्याच चर्चमधल्या मिसाहून आलेल्या, चांगली साडी वर खोचून डाव्या रांगेच्या खाद्यात चमच्याने पावडर कालवत होत्या.

"मावशी! यांना द्यायची नव्हती ना?"

"अगं, रोज माझ्याकडे बघतात त्या! यांनी काय पाप केलंय?"

"अहो, माझा अख्खा प्रयोग वाया गेला!"

मावशी दुखावल्या. "उगाच ओरडू नकोस. तुझी पावडर चिमूटभरही जास्त वापरली नाही. उजवीकडच्यांतलीच अर्धी काढून देते!"