वज्रपथकाची पेटी

बेंबळीच्या बिभीषणला साखर कारखान्यात नोकरी होती, बायको होती, दोन लेकरं होती. पण जीव अडकला होता तो एका पत्र्याच्या पेटीत. पेटीत ‘वज्रपथक’ होतं. सात महावीरांच्या टोळीचं हे हिंदी कॉमिक त्याच्या शाळेच्या दिवसांपासून निघत होतं आणि अजून संपायचं नाव घेत नव्हतं. सातातला एखादा मरायचा, बाकीचे छाती पिटून रडायचे आणि चार अंकांनी मेलेला धडधाकट परत यायचा. पोरवयात हे वेड गावातल्या बऱ्याच जणांना होतं. त्यांचं मिसरूड फुटल्यावर सुटलं, याचं पन्नाशीतही सुटेना. आधी स्टँडवरचा स्टॉलवाला त्याच्यासाठी अंक बाजूला काढून ठेवायचा; स्टॉल बंद पडला तेव्हा गडी मोबाईलवरून मागवू लागला. मधला एकही अंक गळाला नव्हता. प्रत्येक अंक प्लॅस्टिकच्या पिशवीत, खाली कडुनिंबाचा वाळलेला पाला आणि वर कुलूप.

धाकट्या भावाला, कुमारला, त्या पेटीला हात लावायची बंदी होती. लहानपणी त्यानं एकदा अंक काढला आणि पानावर तेलकट बोट उमटलं. बिभीषणनं त्याला गोठ्यात नेऊन असा बदडला, की आई सिताबाई मध्ये पडली तर तिलाही हिसडा बसला. पुढं कुमारची शाळा सुटली, तो शेतात राबू लागला आणि याला वाचनात काही गम्य नाही, असं बिभीषणनं परस्पर ठरवून टाकलं. ते त्याच्या सोयीचंही होतं.

वडील गेल्यावर जावाजावांचं पटेना आणि वाटणीवर वेळ आली. पंच म्हणून भावकीतले माणिकप्पा येऊन बसले. रीत सगळ्यांना ठाऊक होती. थोरल्यानं वाटे घालायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा, म्हणजे थोरल्याला लबाडी करता येत नाही. शेत झालं, घर झालं, भांडीकुंडी झाली, कुणी चकार शब्द काढला नाही. मग पेटी निघाली. ही माझी एकट्याची, असं बिभीषण म्हणाला. एकत्र घरात आलेली वस्तू एकट्याची कशी, असं कुमारनं विचारलं आणि माणिकप्पांनी त्याच्या बाजूनं मान डोलावली.

तेव्हा बिभीषणनं डोकं लढवलं. एका वाट्यात पेटी ठेवली आणि दुसऱ्या वाट्यात दावणीची दुभती म्हैस. शेण आणि वैरणीपलीकडं ज्याला काही कळत नाही, तो म्हैस सोडून कागद कशाला उचलेल? बायको पदराआड कुरकुरली, तर त्यानं तिच्यावर डोळे वटारले. आपण किती हुशार, या विचारानं त्याला हसूसुद्धा आवरत नव्हतं.

कुमार उठला. म्हशीकडं त्यानं बघितलंही नाही. सरळ येऊन त्यानं पेटीवर हात ठेवला.

बिभीषणचा चेहरा खर्रकन उतरला. आधी त्याला ती थट्टा वाटली. मग त्यानं म्हैस देऊ केली, वर बांधावरची चिंच देऊ केली, शेवटी विहिरीच्या पाण्याची आपली पाळीही देऊ केली. जमलेल्यांची फुकटात करमणूक होत होती. कुमार हलेना, तेव्हा बिभीषणच्या तोंडून निघून गेलं, की तुला मेल्या वाचता तरी येतं का.

“येतंय की, दादा,” कुमार शांतपणे म्हणाला. “तुमी ड्युटीवर गेल्यावर म्या समदं वाचलंय. कुलपाची कडी ढिली हाय. हात धुऊन वाचायचो, म्हणून तुमाला कळलं न्हाय. आन् तुमी माझ्या म्होरं म्हस बांधली. ऱ्हाऊ द्या ती तुमालाच.”

बिभीषणनं त्याची गचांडी धरली. चोर म्हणाला, आणखी बरंच काही म्हणाला. माणिकप्पांनी दोघांना ओढून वेगळं केलं आणि उचललेला वाटा फिरत नाही, असं बजावलं. मग घसा खाकरून त्यांनी राहिलेली गोष्ट विचारली.

“आन् म्हातारी कुणाकडं?”

कुमार म्हणाला, माझ्याकडं घराचे दोनच खण आलेत. बिभीषण म्हणाला, माझी शिफ्टची नोकरी, बायकोचे गुडघे दुखतात, बघू पुढं. एवढं बोलून दोघं परत पेटीवर आले आणि एकमेकांचा उद्धार करू लागले.

सिताबाई चौकटीला टेकून बसली होती. आता ती पोरांशी नाही, पंचांशी बोलली.

“अप्पा, वाटं चुकलं. मला त्या पेटीत घालायला पायजे हुतं. मग ही दोघं बी मला उचलायला भांडली असती.”

कुणी हसलं नाही. कुमार खाली मान घालून पेटी आपल्या ओसरीकडं ओढू लागला. आईचं बोलणं बिभीषणला ऐकू आलं होतं, ते लागलंही होतं. पण तिच्याकडं तो वळला नाही. त्याची नजर पेटीच्या मागोमाग निघाली होती.