दोन बोटांचा आधार

उन्नती बोरकर आमच्या बिल्डिंगमध्ये राहायला आली आणि पंधरा दिवसांत सगळ्यांना आवडायला लागली. माझ्या नवऱ्याला, केशवला, तिचे साबुदाणा वडे आवडले. सासूबाईंना ती स्वतःच आवडली. वीस वर्षं मी त्यांचं पथ्यपाणी बघतेय, पण "किती गोड बोलते" हे शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकले ते उन्नतीसाठी. मला ती आवडली नाही. कारण विचाराल तर एवढंच.

बेसा या आमच्या उपनगरात, बिल्डिंगच्याच तळमजल्यावर तिने ब्लाउज शिवायचं दुकान टाकलं. मूळची कुहीकडच्या खेड्यातली, धानाच्या बांधावर वाढलेली. दहावीनंतर शाळा सुटली, एकविसाव्या वर्षी लग्न झालं. नवरा सुशील बुटीबोरीला कंपनीत, कधी दिवसपाळी तर कधी रात्रपाळी. चव्वेचाळीस वर्षांची बाई, दिवसभर मशीनवर वाकलेली, तरी पाठ ताठ. मी तिच्याहून दोन वर्षांनी मोठी, विमा कंपनीत कारकून, आणि खुर्चीत बसून बसून माझे खांदे पुढे आलेले. सांगितलेल्या तारखेला ब्लाउज हातात देणारी शिंपीण मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. त्यातही खोट काढायचा प्रयत्न मी केला. गळा जरा खोल झालाय म्हणाले. तिने तिथल्या तिथे उसवून नीट करून दिला आणि वर चहा पाजला. असल्या माणसावर राग काढायचा तरी कसा?

आमच्या वसाहतीच्या, म्हणजे लेआउटच्या, मैदानावर देवराव सर सकाळी सहाला बायकांचा व्यायाम घेत. सर शाळेत पीटी शिकवून निवृत्त झालेले. मैदानाच्या कोपऱ्यात एक सिंगल बार होता, चौघी एका वेळी लटकतील एवढा लांब. आम्ही आठ जणी, आणि वर्षभरात एक तरी पुल-अप काढायचा, असं सरांनी आमच्या डोक्यात भरवलेलं.

त्यांच्या वहीत पायऱ्या लिहिल्या होत्या. चाळिशीपुढची बाई तीस सेकंद लोंबकळली म्हणजे सुरुवात झाली. हात न वाकवता नुसते खांदे खाली ओढता आले म्हणजे दुसरी पायरी. मग स्टुलावर चढून हनुवटी दांड्याच्या वर न्यायची आणि पाच-सहा सेकंद घेत सावकाश खाली यायचं. त्याला सर 'उतरण' म्हणत. त्यानंतर जोडीदाराच्या आधाराने वर जायचं. आणि शेवटी एक, आपल्या जोरावर.

"एकच?" मी विचारलं.

"बाई, एक काढून दाखवा, मंग बोला. तुमच्या वयात एक काढणारी बाई शोधून सापडत नाही. माह्या वहीत आजवर एकीचंही नाव नाही."

त्या वाक्याने मला पछाडलं. मी आजवर कशातच पहिली आले नव्हते. शाळेत नाही, ऑफिसात नाही, सासूबाईंच्या लेखी तर नाहीच. त्या वहीत पहिलं नाव माझं लागायला हवं, असं मी ठरवून टाकलं.

वजन जवळपास सारखं म्हणून सरांनी माझी जोडी उन्नतीशी लावली. मी साठ किलो, ती अठ्ठावन्न. पहिल्या दिवशी मी अकरा सेकंद लोंबकळले. ती चाळीस.

"धानाची रोवणी करून करून मनगट पक्कं होते ताई," ती म्हणाली, जणू मला बरं वाटावं म्हणून. मला काहीही बरं वाटलं नाही.

आधाराची सरांची पद्धत ठरलेली होती. वर जाणारीने गुडघे वाकवून पाय मागे घ्यायचे. जोडीदाराने मागे उभं राहून बुटांखाली हात द्यायचा. आधी दोन्ही तळवे, मग एक तळवा, मग चार बोटं, मग दोन. दोन बोटांवर सलग पाच झाले की बाई तयार. सर ओरडत राहायचे, "वर पाहा, पायाकडं पाहू नोका!" जाड बुटांतून वरच्या बाईला हात आहे की बोटं ते कळत नसे, आणि चौघींच्या पायांपाशी सर एकाच वेळी उभे राहू शकत नसत. त्यामुळे जोडीदार जे सांगेल ते वहीत जायचं. एक जोडीदार खोटं बोलू शकते, हे सरांच्या मनातही आलं नसावं.

ऑक्टोबरात उन्नतीने "ताई, आता चार बोटं हां" म्हटलं आणि त्याच क्षणी माझे हात सुटले. ढोपर फुटलं. तेव्हापासून ती रोज सरांना सांगायची, "ताईले तळवा." आणि मी तिचं खरं तेच सांगायचे: तिचं चार बोटांवर होत होतं.

नोव्हेंबरच्या शेवटी सर सगळ्यांदेखत तिला म्हणाले, "उन्नतीबाई, प्रजासत्ताक दिनाले मैदानावर तुमी काढून दाखवा. लोकायले कळू द्या बाया काय करून राहिल्या ते." बाकीच्या सहा जणींनी टाळ्या वाजवल्या. त्यातली मयुरा, बालवाडीत शिकवणारी तिशीतली मुलगी, तर नाचलीच. माझ्या पोटात जे पेटलं ते घरी पोचून दोन कप चहा झाला तरी विझलं नाही.

पुढचं मी नकळत केलं, असं लिहायला मला आवडलं असतं. दुसऱ्या दिवसापासून मी उन्नतीच्या बुटांखाली अख्खा तळवा लावून तिला वर ढकलायला लागले. सरांना सांगायचे, "चार बोटं." मग डिसेंबरात, "दोन बोटं." ती वर जाऊन आनंदाने ओरडायची. तिचं निम्मं काम माझा हात करत होता आणि तिच्या पाठीला ते कळत नव्हतं. सव्वीस तारखेला ती अर्ध्यात लटकणार, सगळा लेआउट बघणार, हे मला पक्कं माहीत होतं. त्या विचाराने मला झोपही छान लागायची.

माझं मात्र अडलेलंच. खांदे दुखून यायचे, दम लागायचा, आणि वहीत रोज तेच: तळवा.

"काहून वं, अजून तळवाच?" मी एकदा विचारलं.

"हो ताई. पण जोर वाढून राहिला तुमचा."

ही मला मुद्दाम मागे ठेवतेय, अशी माझी खात्री पटली. चोराला सगळेच चोर दिसतात म्हणा.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं, मुलांची गाणी झाली. टेबलावर तर्री-पोह्यांची पातेली आली तरी सरांनी लोकांना थांबवून ठेवलं आणि उन्नतीला बोलावलं. तिने दांडा धरला. वर गेली, कोपरं काटकोनात आली आणि तिथेच अडली. हात थरथरायला लागले. तिच्या मानेच्या शिरा मला मागून दिसत होत्या. तीन-चार सेकंद ती तिथे झगडली आणि खाली आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण कीव आल्यावर वाजवतात तशा. मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू, इतका स्वच्छ आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता.

ती हात झटकत सरांकडे वळली.

"सर, माहं नाही झालं. ताईले चढवा."

"त्यायचं तर अजून तळव्यावर आहे."

"मी खोटं बोलली सर. दीड महिन्यापासून दोनच बोटं लावून राहिली. आकडा सांगितला का ताई घाबरते अन् हात सोडते. म्हणून तळवा तळवा म्हणत राहिली." मग मला म्हणाली, "जा ना ताई. होते तुमचं."

मी गेले. वर पाहिलं, ओढलं. दांडा नाकासमोर आला, हनुवटीखाली गेला. टाळ्या या वेळी वेगळ्या होत्या. केशवने फोटो काढला. सरांनी तिथेच वही उघडून माझं नाव लिहिलं: अरुंधती, एक. पहिलं नाव. आणि सगळ्यांत जोरात शिट्टी मारली ती उन्नतीने.

पोह्यांची प्लेट घेऊन ती माझ्याशेजारी येऊन बसली. "ताई, एक सांगा. माहं तर दोन बोटांवर पाच-पाच होत होते. मंग आज काहून नाही झालं?"

'थंडी होती' असं म्हटलं असतं तरी तिने मानलं असतं. तेच ओठांवर आलं होतं. पण तिच्या चेहऱ्याकडे बघून मला ते बोलता येईना.

"दोन बोटं नव्हती वं. मी तळवा लावून ढकलत होती. मुद्दाम."

"काहून?"

"जळत होती तुझ्यावर."

"माह्यावर?" ती हसली. माझी गंमत चाललीय असंच तिला वाटलं. मग हसू थांबलं. "माह्यापाशी जळण्यासारखं काय आहे, ताई?"

ती खरंच विचारत होती, आणि उत्तराची वाट बघत होती. मी काय सांगणार? तुझी पाठ, तुझी मनगटं, माझ्या सासूबाईंच्या तोंडचं ते एक वाक्य? तिने अर्धी प्लेट तशीच टेबलावर ठेवली आणि घरी गेली.

दुसऱ्या दिवशी ती सरांना म्हणाली, "ताईचं झालं आता. मले मयुरासंग द्या." एवढंच. माझ्याबद्दल एक अक्षर तिने कुणाला सांगितलं नाही. माझे ब्लाउज आजही तारखेला मिळतात. चहा मात्र ती आता विचारत नाही.

मयुराने तिला पुन्हा पहिल्यापासून नेलं: तळवा, चार बोटं, दोन. मार्चमध्ये उन्नतीने एक काढला. एप्रिलमध्ये दोन. माझ्या एकाच्या खाली तिचे दोन लिहिले गेले आणि माझ्या पोटात नेहमीसारखं पेटलं. पण ते सवयीचं होतं. त्यापेक्षा वाईट ते नंतरचं. खाली उतरल्यावर तिने घामेजल्या अंगानेच मयुराला मिठी मारली आणि म्हणाली, "तू धरत होती ना वं, म्हणून मले भीती नाही वाटली." तेव्हा जळले मी खरी, आणि उन्नतीवर नव्हे, मयुरावर.

त्यानंतर माझा नंबर होता. मी दांडा धरला. पुल-अप मला येत होता, म्हणून मागे कुणी उभं नव्हतं.